बाकाची कड

गोटीला उभं राहता यायला लागल्यापासून तिच्या पलंगाचा कठडा हेच तिचं जग झालं होतं. दोन्ही मुठींनी तो घट्ट धरायचा, गुडघ्यात जरा झुलायचं आणि मग मान वाकवून कडेला दात लावायचे. दातही नवे कोरे. दोन खाली, दोन वर. हिरड्या शिवशिवत असणार. लाळेची तार कठड्यावरून थेट चादरीपर्यंत. त्या दिवशी कामावर निघायच्या घाईत मी तिचं तोंड पुसायला वाकले, हात कठड्यावर टेकला आणि बोट कडेवर अडखळलं.

मी खाली बसले. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. कडेच्या वरच्या अंगाला शेजारी शेजारी दोन रुंद, उथळ खुणा, मध्ये बारीकशी फट. खालच्या अंगाला त्यांच्याच धाकट्या बहिणी वाटाव्यात अशा दोन. थोडं पुढे पुन्हा तेच. आणखी पुढे पुन्हा.

हे मी आधी पाहिलं होतं. घरी नव्हे, कामावर, भिंगाखाली. आणि पाहून, मन लावून, बुजवून टाकलं होतं.



"आई," मी सासूबाईंना हाक मारली, "ते उंदीर नव्हतेच हो."

सासूबाई दुधाची बाटली घेऊन दारात आल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. "कुठे उंदीर? घरात?"

"घरात नाही. बाकाला."

"मग बाकाचं बाकापाशी. मला वाटलं पोरीच्या पलंगात." तरीही त्यांनी पलंगाखाली एकदा वाकून बघून घेतलं.

मी एका संग्रहालयात लाकडी वस्तूंची डागडुजी करते. आमच्या विभागप्रमुख मॅडमना हा शब्द चालत नाही, त्या जतन म्हणतात. पण घरी विचारलं की मी डागडुजीच सांगते, कारण दिवसभर करते ते तेच असतं. आणि गेले काही दिवस मी करत होते ती एका बाकाची. लांबलचक, ठेंगणा, पाठ नसलेला बाक. ज्या बायकांनी आमच्याकडे पहिल्यांदा मोठ्या आवाजात म्हटलं, की आम्हालाही मत हवं, आमची कमाई आमच्या हातात हवी, आमच्या मुलांवर आमचाही हक्क हवा, त्या एका छापखान्याच्या वरच्या खोलीत जमायच्या. त्या खोलीतलं आता उरलंय ते एवढंच. नव्या दालनात बाक मधोमध ठेवायचा होता आणि दालन उघडायला आठवडाही राहिला नव्हता.

दालनाच्या भिंतीवर त्यांचं छायाचित्र आहे. याच बाकावर ओळीने बसल्यात. पाठी ताठ, हात मांडीवर, चेहरे असे की माशीनेही बसण्याआधी परवानगी मागावी. मूल एकही नाही. शाळेत आम्हाला शिकवलं तेही तसंच: घरदार, मुलंबाळं, सगळ्यावर पाणी सोडून या बायका बाहेर पडल्या. बाळंतपणाची रजा संपवून मी परत रुजू झाले तेव्हापासून त्या छायाचित्रासमोरून जाताना माझा चालायचा वेग आपोआप वाढायचा. त्यांनीही मुलं सोडली, मीही रोज सोडते. पण त्यांनी निदान जग हलवलं. मी बाकाला मेण लावते.

सभा बंद पडल्यावर बाक बरीच वर्षं गोदामात पडून होता. म्हणून नोंदीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं, पुढची कड उंदरांनी कुरतडलेली. मी वाचलं आणि मान डोलावली. त्या दिवसांत मला झोप अशी नव्हतीच, समोर येईल त्याला मी मान डोलावत होते. कड ओबडधोबड दिसते, रंग मिळवलेल्या मेणाने ती भरून सपाट करायची आणि वरून पॉलिशचा पातळ हात द्यायचा, असं ठरलं. मेणाचं काम माझं. पॉलिशचं काम पॉलिशवाल्या काकांचं, आणि तो दिवस आजचा.

आमच्या धंद्यात एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात: जे कराल ते उद्या कुणाला तरी काढून टाकता आलं पाहिजे. मेण काढता येतं. जरा ऊब दिली की ते मऊ होऊन निघतं. पण त्यावर पॉलिश बसलं, ते मेणात मुरलं, लाकडात उतरलं, की मग काढताना जुन्या लाकडाचा पापुद्राही जातो. खुणांसकट.

मी काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"कोणाला एवढं?" सासूबाई.

"पॉलिशवाल्यांना. त्यांनी सुरुवात करायला नको."

"अगं पण तू चहा तरी..."

मी कामाच्या पिशवीतून साचा घ्यायचा लगदा काढला. दातांचे डॉक्टर माप घेतात तसलाच असतो, दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे आणि घट्ट व्हायच्या आत दाबायचे. मी तो कठड्याच्या कडेवर दाबून बसले. गोटीला हा खेळ वाटला, ती माझं नाक धरायला धडपडू लागली. सासूबाईंनी तिला उचलून घेतलं.

"आता हे काय लिंपतेस?"

"दातांचं माप घेतेय."

"दात तिच्या तोंडात आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तिथे काय शोधतेस?" मग माझ्याकडे नीट बघून जरा नरमल्या. "जा तू. तू समोर असलीस की ही दूधही पीत नाही, तुझ्याकडेच बघत बसते."

हे त्या प्रेमानेच म्हणाल्या. मला ते टोचलं. तसं त्या दिवसांत काहीही टोचायचं.

बसमध्ये मला बसायला जागा होती तरी मी उभी राहिले. प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरचा राग येत होता. साचा रुमालात गुंडाळून हातात धरला होता आणि सारखी उघडून बघत होते, जणू खुणा वाटेत पुसल्या जातील. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही नाजूक आहे का?" मी म्हटलं, "दात आहेत," आणि त्या बाई पुढच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

कार्यशाळेच्या दारातच पॉलिशचा वास आला. काका बाकाच्या डाव्या टोकाशी बसले होते. ब्रश सावकाश, एका लयीत चालला होता. टोकाकडचा भाग चकचकीत ओला दिसत होता.

"काका, थांबा."

"थांबलो." त्यांनी ब्रश वर धरला. "आता काय, असाच पुतळा होऊन बसू?"

"फोन का नाही घेतलात?"

"हात बघा माझे. या हातांनी फोन घेतला तर तोही जतन करावा लागेल."

"ते उंदीर नव्हते, काका. बाळं होती. त्या बायकांची बाळं. बाक धरून उभी राहिली आणि कड चावत बसली."

काकांनी आधी माझ्याकडे, मग बाकाकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. "पोरी, माझा जन्म लाकडात गेला. उंदीरच आहेत."

"उंदराचे पुढचे दोन दात मिळून माझ्या गोटीच्या एका दाताएवढे होत नाहीत."

"गोटी कुठून आली मध्ये?"

"काय चाललंय?" मॅडम आत आल्या होत्या. चष्मा डोक्यावर, म्हणजे घाईत. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं, बहुतेक उलटसुलट. कठडा, लाळ, खुणा, मेण. त्या ऐकत गेल्या आणि शेवटी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुला एक सांगू? रागावू नकोस. माझा मुलगा लहानपणी सारखा आजारी असायचा, तेव्हा मला उभी दिसणारी प्रत्येक वस्तू थर्मामीटरच वाटायची. तुझं बाळ लहान आहे, तुला सगळीकडे दात दिसतायत."

काका हसले. मीही हसायला हवं होतं. पण त्यांचं म्हणणं साफ चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मला हे हवंच होतं. छायाचित्रातल्या त्या ताठ बायकांच्या पायांशी एखादं लाळेरं पोर असावं, असं मला किती दिवसांपासून हवं होतं. आणि एखादी गोष्ट आपल्याला एवढी हवी असते तेव्हा ती दिसतेच.

"एक वीतभर उघडू द्या," मी म्हटलं. "नसतील दात, तर मीच परत भरते आणि पुन्हा तोंड उघडत नाही."

"तोंड उघडत नाही, हे जरा जास्त होतंय," मॅडम म्हणाल्या. "वीतभर. त्याच्या पुढे नाही."

मी गरम हवेचं यंत्र मंद ठेवलं. मेण घामेजल्यासारखं चमकू लागलं, मग मऊ झालं. लाकडी पट्टीने मी ते खरवडलं नाही, नुसतं उचलत गेले आणि उरलेलं कापसाने टिपलं. आधाराला कोपर टेबलाला टेकवलं. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांचा श्वास मानेला लागत होता. मॅडम उभ्याच.

कड उघडी झाली. दिवा तिरपा केला. मी साचा शेजारी ठेवला.

ते एकाच तोंडचे नव्हते, हे तर उघडच होतं. पण एका जातीचे होते. वरच्या पृष्ठावर दोन रुंद, खालून दोन लहान, मध्ये फट. थोडं बाजूला फक्त खालच्याच दोन, म्हणजे तेवढेच आले असतील. त्याच्या पलीकडे एक एकुलता एक, तिरपा, खोल, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लावलेला. कुणीतरी हट्टी. एकेका बाळाने आपली आपली जागा ठरवून घेतली असावी तसं वाटत होतं. आणि बाकाची उंची, ती तर गोटीच्या हनुवटीएवढीच.

मॅडमनी माझ्या हातातून भिंग घेतलं. एकेक खूण बघत त्या पुढे सरकल्या. काकांनी डब्याचं झाकण शोधलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं.

"वाळतं उघडं राहिलं तर," ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले.

डाव्या टोकाचं पॉलिश तोवर मुरलं होतं. तेवढ्या भागाचं जे होतं ते गेलं. 

मॅडम खुर्चीत बसल्या. "बाकी सगळं उघडायचं, तर नातीला विचारावं लागेल."

नात म्हणजे त्या बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंची नात. स्वतः ऐंशीच्या पुढे गेलेली, पण आमच्या सगळ्या विभागात तिचं नाव अजून नात. बाक तिच्याकडूनच आला होता आणि देताना तिने अट घातली होती, की बाकाचं रूप बदलेल असं काहीही मला विचारल्याशिवाय करायचं नाही. कड बुजवायलाही तिने होकार दिला होता, तोही फोनवर, चिडक्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. बारीक, सरळ, काठी होती पण टेकत नव्हती, तिच्या टोकाने वस्तू दाखवत होती. छायाचित्रातली मधली बाई चालत आली असं वाटावं असा चेहरा. मी तिला खुर्ची दिली आणि रात्रभर मनात घोळवलेलं सगळं सांगितलं. साचा दाखवला. तिरप्या उजेडात खुणा दाखवल्या. ती बघत होती, पण वाकून बघत नव्हती.

"झालं?" तिने विचारलं.

"हो."

"आता माझं ऐका. माझी आई ही आजीची एकुलती एक मुलगी. आजी सभेला निघाली की आईला खोलीत ठेवायची आणि बाहेरून कडी लावायची. शेजारीण अधूनमधून खिडकीतून डोकावून जायची. आई सांगायची, मी खिडकीचे गज मोजायचे, मग उलटे मोजायचे. तिला मोजता यायला लागलं तेच असं. पुढे तो बाक गोदामातून आमच्या घरी आला, आई म्हातारी होईपर्यंत घरातच होता, आणि तिने त्यावर कधी बूड टेकलं नाही. आणि तुम्ही लोकांना सांगणार, बघा किती गोड, बाळं कडेवर घेऊन चळवळ केली?"

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी बाकाकडे.

"हे तुमच्या आईचे दात आहेत असं मी म्हणत नाही, आजी."

"मग कुणाचे?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांचे."

म्हटलं आणि त्याच क्षणी मला कळलं की मी काय म्हणून बसले. तिलाही कळलं. तिने काठी मांडीवर आडवी घेतली.

"म्हणजे बाकीच्या आणायच्या," ती हळू म्हणाली. "आणता येत होतं. आणि हिने आणलं नाही."

 मी आदल्या दिवसापासून एखादी भेट द्यायला निघाल्यासारखी धावत होते, आणि कोणाला काय द्यायला निघाले होते मी? तिच्या आईने जन्मभर निदान एवढं धरून ठेवलं होतं, की सगळ्याच जणींना मुलं सोडावी लागली. तेही मी वीतभर मेण काढून हिरावून घेतलं.

"बुजवा ते," नात म्हणाली. "होतं तसं करा."

"ठीक आहे," मॅडम लगेच म्हणाल्या. "तुमचा शब्द शेवटचा."

मी मेणाच्या डब्याकडे हात नेला. खरंच नेला. मग तो तिथेच राहिला.

"मी बुजवते," मी म्हटलं. "एका दिवसाचं काम आहे, मला येतं. पण एक विचारू? बुजवलं की मग ते छायाचित्र तेवढंच उरतं. त्यात एकीच्याही जवळ मूल नाही. बघणारा म्हणणार, बरोबर, मोठं काही करायचं तर मुलं टाकावीच लागतात, सगळ्यांनी टाकली. मग तुमच्या आईने गज मोजले ते कुणाला दिसणार? ते जणू व्हायचंच होतं असं होऊन जाईल."

नात मांडीवरची काठी हळूहळू फिरवत राहिली.

"मी पण रोज मुलीला घरी ठेवून येते," मी म्हटलं, आणि घाईघाईने पुढे बोलत गेले. "कडी नाही लावत. सासूबाई असतात. पण मला हे हवं होतं, की त्या आणत होत्या. मला बरं वाटावं म्हणून हवं होतं. तुमचं ऐकलं आणि ते बरं वाटणं गेलं. तरी दात आहेत ते आहेतच ना."

"किती महिन्यांची?" तिने विचारलं.

"वर्षाची होईल आता."

"चावते?"

"मिळेल ते."

नात उठली. बाकापाशी आली, वाकायला तिला वेळ लागला, काका पुढे सरसावले तर तिने काठीने त्यांना मागे सारलं. उघड्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. त्या एकुलत्या एक, तिरप्या, खोल खुणेपाशी तो थांबला आणि तिथेच घोळत राहिला.

"ती सगळ्यात पुढे उभी राहून बोलायची," ती म्हणाली. आमच्याशी की बाकाशी, कळलं नाही. "बोलणारीच्या कडेवर पोर कसं चालणार? लोक टपलेलेच असायचे हसायला. बाकीच्या मागे बसायच्या, त्यांचं चालून जायचं. असं असेल." मग जरा थांबून, "नसेलही. तिला कंटाळाही असेल पोराचा. असतो काहींना."

"असतो," मॅडम म्हणाल्या. इतक्या पटकन, की आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

नात खुर्चीत परत बसली. "पाटीवर काय लिहिणार?"

मी आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं. वाचून दाखवलं: या बाकाच्या कडेवर लहान मुलांच्या दातांच्या खुणा आहेत. सभेला येताना या स्त्रिया आपली मुलं सोबत आणत.

"खोटं," नात म्हणाली.

"काही स्त्रिया, असं करते."

"अर्धं. काहींची घरी कोंडलेली असत, तेही लिहा."

"कोंडलेली हा शब्द जरा..." मॅडमनी चष्मा काढला. "दालनात शाळेची मुलं येतात, म्हणून म्हणते. घरी ठेवलेली, असं म्हटलं तर?"

"ठेवलेलं भांडं असतं," नात म्हणाली. "तुम्ही शोधा मऊ शब्द. माझ्या आईला जन्मभर सापडला नाही, मलाही नाही सापडला. सापडला तर कळवा." आणि काठी उचलून माझ्याकडे रोखली. "ते लिहिणार असशील, तर उघड सगळी कड. नाही तर बुजव. अर्धवट काही मला चालायचं नाही."

ती गेल्यावर काकांनी न सांगता दिवा बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे ओढून दिला. उरलेलं मेण काढायला मला पुढचे सगळे दिवस लागले. जसजशी कड उघडत गेली तसतशी आणखी तोंडं दिसत गेली. ती बघताना पहिल्या दिवशीसारखा आनंद होत नव्हता. प्रत्येक खुणेपाशी डोक्यात यायचं, हे आलं होतं. आणि न आलेल्याची खूण कुठे असते.

पाटी छापायला द्यायची वेळ आली. पहिलं वाक्य मी सहज लिहिलं. दुसरंही. तिसऱ्याशी मी सारखी उठत होते. पाणी प्यायला, खिडकी लावायला, लावलेली खिडकी उघडायला. मध्येच घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "खेळतेय. तुझी आठवणही नाही तिला आत्ता. दर तासाला काय फोन?"

"काही नाही, असाच."

"मग कामं कर की."

मी परत येऊन बसले. मॅडम दारातून डोकावल्या, छापखान्याचा माणूस खाली थांबलाय म्हणाल्या, पण घाई कर असं म्हणाल्या नाहीत. 'घरी ठेवलेली' लिहून पाहिलं, खोडलं. 'मागे राहिलेली' लिहून पाहिलं. ती काय आपली आपण राहिली होती? तेही खोडलं. मग नात बोलली होती तसंच, जवळजवळ तिच्याच शब्दांत, लिहून टाकलं: काही मुलांना आई खोलीत ठेवून बाहेरून कडी लावून सभेला जात असे.

मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं. आई या शब्दाखाली त्यांचं बोट जरासं थांबलं. मग कागदावर सही करून त्या जिन्याकडे वळल्या, आणि मी दिवा तसाच चालू ठेवून बस पकडायला निघाले.